आतल्या खोलीतला गिनीपिग

तपासनिसाने गिनीपिगला टेबलावर दाबून धरलं आणि बारीक दातांची फणी मानेपासून मागे ओढली. मग ती पांढऱ्या कागदावर झटकली. कागदावर काहीच पडलं नाही.

“एकही पिसू नाही,” तो म्हणाला. “अंगात तापही नाही. उलट गुबगुबीत झालाय.”

“आयतं मिळाल्यावर होणारच,” शिंपी म्हणाला. “या घरात सगळ्यांत सुखी हाच.”

शिंप्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आतल्या खोलीतली रिकामी खाट तिथून दिसत होती. त्या खाटेवर काखेत गाठ येऊन त्यांचा मुलगा प्लेगने गेला. तेव्हापासून घर बंद होतं आणि ही दोघं माळावरच्या झोपडीत राहत होती. आता साथ ओसरली होती. गल्लीतली बाकीची घरं उघडली होती, हे शेवटचं. ते तपासायला तपासनिसाने आतल्या खोलीत हा गिनीपिग सोडला होता. खोलीत रोगट पिसवा उरल्या असतील तर त्या गिनीपिगला चावतील आणि तो मरेल. जगला तर माणसांनी राहायला यावं. त्याचं दाणापाणी तीच बघायची. शिंप्याचं पाऊल त्या खोलीत पडत नव्हतं.

“मग आज येऊ ना राहायला?” शिंप्याने विचारलं. “झोपडीत मशीन चालवलं की शेजारी शिव्या घालतात.”

“चुना मारून घ्या आणि खुशाल या.”

“तो रात्री इथे नसायचा,” ती म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

“संध्याकाळी पाला घालायला आले की शालीत गुंडाळून झोपडीत न्यायचे. सकाळी तुम्ही यायच्या आधी परत आणून ठेवायचे.”

“मला तर म्हणालीस, साहेबांनीच न्यायला सांगितलंय,” शिंपी म्हणाला.

“हो. मीच म्हणाले होते तसं.”

तपासनिसाने फणी खाली ठेवली. “अहो, पण का?”

“एकट्याने या खोलीत रात्र काढायची...” तिने खाटेकडे पाहिलं.

“म्हणजे खोली तपासलीच गेली नाही.” तो तिच्याकडे पाहत राहिला. “बाई, हात वर करा. दोन्ही.”

उजवा सहज वर गेला. डावा खांद्याशी अडला.

“दुखतोय?”

“सकाळपासून, थोडा,” ती म्हणाली. “याच हातावर झोपतो तो. अवघडला असेल.”