जिना नसलेलं घर

“वर मजला नाही ना?” घरात पाऊल टाकण्याआधीच आईने विचारलं.

“नाही हो ताई, कितीदा सांगू!” दलालाने कुलपाला किल्ली लावली. “बैठं घर आहे. जिना नाही, गच्ची नाही. पायऱ्या म्हणाल तर दारातल्या ह्या दोन.”

महिन्याभरातलं हे पाचवं घर. आधीची चार तिने जिना दिसताच नाकारली होती. दलाल बिचारा चक्रावला होता, पण गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तोंड हसरं ठेवून होता. शाळा चालत दहा मिनिटांवर, दवाखाना कोपऱ्यावर, समोर मुलांना खेळायला मैदान, असा त्याचा पाढा सुरू झाला. वडील मोजणीखात्यात नोकरीला, खिशात कायम टेप. ते खोल्यांची लांबी-रुंदी घेत आतबाहेर करू लागले. मापं घेताना बोलावं लागत नाही, आणि गेले आठ महिने त्या तिघांनाही न बोलायला काहीतरी निमित्त लागत होतं.

मुलगी दारातच उभी राहिली. अकरा वर्षांची. पूर्वी सारखी वरखाली पळायची म्हणून घरात तिचं नाव खारू पडलेलं. आता हाक मारली तरच हलायची.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी आली. कडेवर दीडेक वर्षाची नात. खारूची आई दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामाला होती, त्यामुळे कुणी बोलायला लागलं की तिची नजर आधी दातांवर जायची. म्हातारीची कवळी झकास बसली होती. एवढ्यावरूनच आईला ती बाई बरी वाटली.

“घर घेताय होय? घ्या, घ्या. इथे पोरं मोकळी हिंडतात. एखादं रडलं तर चार दारं उघडतात.”

“तेच हवंय आम्हाला,” वडील टेप गुंडाळत म्हणाले. “आधीच्या ठिकाणी वातावरण बरं नव्हतं. एक प्रकार झाला, जिन्यावरून पडण्याचा. हिने फार मनाला लावून घेतलंय.”

कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं, हे गाडीतच ठरलं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

“अगं बाई!” म्हातारीने खारूच्या केसांवरून हात फिरवला. “फार लागलं का गं? इथे तुला कुणी बोट लावायचं नाही, बघ.”

खारूने डोकं मागे घेतलं.

“मी नाही पडले. ती पडली. मी ढकललं तिला.”

दलालाच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला. वडील हसले. “काहीतरीच बोलते. अपघात होता तो.”

म्हातारीने आईकडे पाहिलं. काय म्हणायचं ते आईला पाठ होतं. अपघात. चौकशीला आलेल्या पोलिसाला तिने हेच सांगितलं होतं, शाळेतल्या मोठ्या बाईंना हेच, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या त्या दुसऱ्या आईलाही हेच.

“खरं बोलतेय ती,” आई म्हणाली. “मैत्रीण होती हिची. आमच्या शेजारचीच. खुब्याचं हाड मोडलं. अजून कुबडी घेऊन चालते.”

नातीला घट्ट धरून म्हातारी वळली आणि आपल्या घरात गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

“झालं समाधान?” वडील दबक्या आवाजात म्हणाले. “आता संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल. चला. हेही घर गेलं.”

दलालाने निमूटपणे कुलूप लावलं. आईने खारूचा हात धरला. तिघं फाटकापर्यंत पोचले आणि मागे कडी वाजली. म्हातारी बाहेर आली होती. एकटीच.

“पोरीला सुनेकडे दिलं,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू, भीती वाटली मला.” मग गुडघ्यांवर हात टेकत ती आपल्या दारातल्या पायरीवर बसली. “ये गं. बस इथे.”

खारूने आईकडे पाहिलं, मग हात सोडवून घेतला. म्हातारीपासून हातभर अंतर ठेवून ती पायरीच्या कडेला बसली.

“का ढकललंस गं?”

“आजी, ते सगळं मिटलंय आता,” वडील म्हणाले.

“तुम्हाला नाही विचारलं मी.”

आई जागच्या जागी थिजली. कितव्या पायरीवर, हे पोलिसाने विचारलं होतं. कुणी पाहिलं का, हे मोठ्या बाईंनी. तिने स्वतः विचारलं होतं, चुकून धक्का लागला ना गं तुझा? चुकूनच ना? आणि हो म्हणेपर्यंत विचारत राहिली होती. का, हे आठ महिन्यांत एकानेही विचारलं नव्हतं.

खारू बोटाने पायरीची कड खरवडू लागली.

“ती खूप खुशीत होती,” ती म्हणाली. “म्हणाली, आमचं नवीन घर ठरलं. लांब आहे. तिथे खूप मुलं आहेत, मैदान आहे. पुढच्या महिन्यात आम्ही जाणार.”

खारूने खरवडणं थांबवलं.

“मी म्हटलं, आणि मी? तर ती हसली.”