तीच रॅम

श्रीपादांची पत्नी सुचित्रा गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच सकाळी तिच्या कॉम्प्युटरसाठी मागवलेला प्रोसेसर आल्याचा फोन आला होता. दोन महिन्यांनी श्रीपाद कॉम्प्युटर घेऊन इंदिरा नगरच्या दुकानात गेले.

नवा प्रोसेसर बसवायला दुकानदाराने कॉम्प्युटरचा डबा उघडला. "अंकलजी, रॅम पर ये लाल-लाल क्या लगा है? पुरानी भी है. नई डाल दूँ?"

"रहने दो, भैया. यही चलेगी."

दर खंडेनवमीला सुचित्रा डबा उघडून रॅमला कुंकू लावायची. श्रीपाद हसले की म्हणायची, "तुम्ही रेल्वेवाले इंजिनापुढे नारळ फोडता, ते बरं चालतं!"

घरी कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. श्रीपादांना बरं वाटलं. नव्या प्रोसेसरला कुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं.