चोखंदळ मासा

"माजलेत लेकाचे," म्हणत फर्गलनं दोरा ओढून घेतला आणि पुन्हा माशी बदलायला बसला. पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली, गळाला लावायची ती इवलीशी बनावट माशी त्यानं डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग पुन्हा डोळ्यांजवळ.

होडीच्या वल्ह्यांवर त्याची मुलगी नोरीन होती. लॉक कॉन तळ्याच्या पाण्यावर मे महिन्यातल्या माश्यांचा सडा पडला होता, आणि ट्राउट मासे त्यातल्या मनाजोगत्या तेवढ्याच टिपत होते. पण नोरीन माशांसाठी आलीच नव्हती. सकाळी तिनं बाबांच्या गाडीचा आरसा तुटून लोंबकळताना पाहिला होता. त्याच गाडीतून बाबा तिच्या लेकीला, क्लोडाला, रोज शाळेत सोडायचे.

"बाबा, आरशाला काय झालं?"

"कुठल्या?"

"गाडीच्या."

"त्या शेजारच्या डोनलनं ट्रॅक्टर उभा केला होता वाटेत. अक्कल आहे का त्याला? आता गप बस, मासे बिथरतील."

गळाची काठी मागं गेली, दोरा हवेत सरसरला आणि पाण्यावर अलगद उतरला. हातातली सफाई तीच होती. पण मासा पाण्यावर आला होता डावीकडं, आणि फर्गल उजवीकडं टक लावून होता.

"तिकडं नाही, बाबा. डावीकडं."

"ठाऊक आहे मला! तू रांगत होतीस तेव्हापासून या पाण्यावर आहे मी."

त्यानं डावीकडं दोरा टाकला. पाण्यात गुळुप आवाज झाला. दोऱ्याच्या टोकाशेजारची खरी माशी एका मोठ्या ट्राउटनं ओढून नेली.

"आपलीला हुंगतसुद्धा नाही," फर्गल म्हणाला. "बघ जरा, कुठली खातोय ते."

नोरीननं दोरा ओढून टोक हातात घेतलं. टोकाला माशीच नव्हती. ती त्याच्या स्वेटरला, छातीपाशी अडकून बसली होती. गाठ पडलीच नव्हती.

तिनं ती माशी सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. फर्गलनं अंगठ्यानं चाचपून पाहिलं. बराच वेळ चाचपत राहिला.

"आईला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं गं हल्ली."

"गाडीची किल्ली द्या, बाबा."

त्यानं खिशातून किल्ली काढून दिली. आयुष्यभर शब्दानं शब्द वाढवणारा हा माणूस एका शब्दानंही भांडला नाही. नोरीन आणखीच धास्तावली. ती घाईघाईनं काठाकडं वल्ही मारू लागली. विचारू नये असं वाटत असूनही तिनं विचारलंच,

"शाळेपाशी पोरं रस्ता ओलांडतात, तिथं कसे थांबता तुम्ही?"

फर्गलनं काठी आडवी करून गुडघ्यांवर ठेवली.

"त्यांचा आवाज आला की," तो म्हणाला.