पहिला तांब्या

"तुम्हीच लिहिता ना ते? खरं सांगा!"

टँकरच्या रांगेत, साऱ्या गल्लीदेखत रूपालीनं गीताबाईंना विचारलं. गीताबाईंनी हंडा खाली आपटला.

"काय लिहिते मी? आं? मला माझं नाव लिहायला दोन मिनिटं लागतात, बाई."

"मग तुमची सून लिहीत असेल. उखाण्याचं आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

झालं! पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत यंदा पाचव्या दिवशी नळ यायचा. टँकर आला की बायकांच्या जिभांना धार चढायचीच. पण असलं भांडण कुणी पाहिलं नव्हतं.

रूपाली 'गल्लीतले सण' नावाचा ब्लॉग लिहायची. मंगळागौर, डोहाळजेवण, भीमजयंतीची मिरवणूक, भंडारे, सगळं. शहर चिकलठाण्याच्या पुढं पसरत चाललं होतं, शेतांचे प्लॉट पडत होते. कोण कुठून आलं आणि सण कसा करतं, हे कुणीतरी लिहून ठेवावं, एवढीच तिची हौस. सहा वर्षांत दीडशे लेख झाले होते. तिचं स्वतःचं असं त्या घरात तेवढंच होतं.

आणि वर्षभर त्या लेखांखाली 'एक शेजारीण' नावाची कुणी बया गरळ ओकत होती. बरं, नुसत्या शिव्या देऊन थांबावं ना! तिला आतलं सगळं माहीत. डोहाळजेवणात कुणाची साडी उसनी होती, मंगळागौरीत कोण रुसून बसलं होतं. बायकांच्या बैठकीतलीच कुणीतरी, यात रूपालीला शंका नव्हती. रविवारी तेवढी गप्प असायची.

"रविवारी नवरा घरी असतो तिचा," रूपाली राजेंद्रला म्हणाली होती. "सवड कुठून मिळणार भवानीला!"

राजेंद्र हसला होता. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. संध्याकाळी चहा पिता पिता तिच्याकडून गल्लीचं सगळं ऐकून घ्यायचा. "मग? पुढं काय झालं?" असं विचारणारा नवरा आख्ख्या गल्लीत दुसरा नव्हता.

संक्रांतीचं हळदीकुंकू गीताबाईंकडं झालं. गीताबाई गंगापूरकडच्या, मेंढरं विकून शहरात आलेल्या. पाण्याचं साल वाईट म्हणून त्यांनी वाणाला स्टीलचे तांबे लुटले. "आमच्या लेखिकाबाईला आधी!" म्हणत पहिला तांब्या त्यांनी रूपालीच्या हातात ठेवला, तेव्हा वीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग गीताबाईंना उखाण्याचा आग्रह झाला आणि दुसऱ्या ओळीलाच त्या अडल्या. रूपालीनं हळूच कानात पुढची ओळ सांगितली. कुणाला कळलंसुद्धा नाही.

निघताना फाटकाशी दगडाबाई भांडी घासत बसलेल्या दिसल्या. विधवा बाई, तिला आत कोण बोलावणार? रूपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं आपला तांब्या त्यांच्या पदरात घातला.

"कुणाला सांगू नका."

"नाय सांगत, माय."

घरी राजेंद्रनं विचारलं, "वाण कुठंय?"

वस्तू अशा वाटलेल्या त्याला खपायच्या नाहीत. घर डोक्यावर घेतलं असतं.

"कमी पडले," ती म्हणाली. "मला मिळालाच नाही."

"बघ! आणि तू त्यांचं गोडगोड लिहिणार."

तिनं उखाण्याची गंमत सांगून विषय बदलला.

लेखात तिनं 'गीताबाईंनी झकास उखाणा घेतला' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण हजर : 'उखाणा अडला तेव्हा कानात कुणी सांगितलं, तेही लिही की! खोटारडी!'

रूपालीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशीच्या रांगेत टँकर येईपर्यंतही तिला दम धरवला नाही.

"तुला पहिला मान दिला, त्याचं हे फळ व्हय?" गीताबाई हंडा तिथंच टाकून पुढं आल्या. "चारचौघींत मला अडाणी ठरवलंस, चोरटी ठरवलंस. आजपासून माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको."

"हिच्यापुढं तोंडच उघडायचं नाय, बायांनो," मागून द्वारकाबाई म्हणाल्या. "आज घरात येईल, उद्या छापून काढील."

कुणीतरी रूपालीची कळशी पायानं रांगेबाहेर सारली. ती रिकामीच घेऊन रूपाली घरी आली.

रथसप्तमीला द्वारकाबाईंची सून घरोघर हळदीकुंकवाचं बोलावणं करत गेली. रूपाली दारात उभी होती. तिच्याकडं न बघता सून पुढच्या दाराशी गेली.

"काढून टाक तो ब्लॉग," राजेंद्र म्हणाला. "किती मनस्ताप करून घेशील? मला बघवत नाही." त्या दिवशी चहासुद्धा त्यानंच केला. रूपालीला रडूच कोसळलं. सगळी गल्ली उलटली तरी हा माणूस आपला आहे, एवढा तरी आधार होता.

गुरुवारी संध्याकाळी तिनं लॅपटॉप उघडला. ब्लॉग कायमचा काढून टाकायचा का, असं पडद्यावर विचारलं गेलं. दीडशे लेख! तिला वाटलं, काढण्याआधी तो शेवटचा एकदा बघून घ्यावा.

हळदीकुंकवाच्या लेखाखाली दुपारची नवी कमेंट होती.

'जिला वाणाचा साधा तांब्यासुद्धा कुणी दिला नाही, ती बाई गल्लीचे सण लिहिते! लाज असेल तर बंद कर.'

रूपालीनं ती पुन्हा वाचली. मग एकेक शब्दावर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली.

बाहेर गाडी थांबली.

"केलास ना बंद?" चपला काढता काढता राजेंद्रनं विचारलं. "बस तू. चहा मी टाकतो."