आबांची वाटणी

आबांनी वाटणी करताना छोटा ट्रॅक्टर थोरल्या हरिओमला दिला आणि त्याच्यामागं जोडायचं गवत कापायचं यंत्र धाकट्या भागवतला. गावानं नावं ठेवली. पण एकाचं दुसऱ्यावाचून अडलं तरच भाऊ एकमेकांच्या दारात येतील, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. आबा गेल्यावरही दोघांच्या मोसंबीच्या बागा त्याच जोडीवर साफ होत राहिल्या.

यंदा हरिओमनं नेकनूरहून दुसरंच यंत्र आणलं.

"तुझ्याची पाती पार झिजली रं. आता दोघांच्या बागंला हेच वापरू," तो म्हणाला.

ते काही जुन्या ट्रॅक्टरला बसेना. भागवतला वेल्डिंग येतं, म्हणून त्यालाच बोलावलं. दिवसभर तो ट्रॅक्टरखाली पडून होता. आबांनी बसवून घेतलेले जुने हूक त्यानं कापून काढले आणि नव्या मापाचे जोडले. आता त्याचं स्वतःचं यंत्र या ट्रॅक्टरला कधीच लागणार नव्हतं. पण ते लावायचंच कशाला, असा त्याचा साधा विचार.

हरिओमनं बागेत एक फेरी मारली. गवत गालिच्यासारखं कापलं गेलं.

भागवत हाताचं काळं पुसत पुढं आला. "लई झ्याक चालतंय, दादा. उद्या सकाळी माझ्या बागंत घेऊन ये."

हरिओमनं ट्रॅक्टर बंदसुद्धा केला नाही.



"कावून? तुझं यंत्र हाय की तुझ्यापाशी."