कानशीची मूठ

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तरी त्यांची साखळीची करवत देवदाराच्या जुन्या खोडात टोफूत सुरी शिरावी तशी शिरे. बोथट साखळी पिठासारखा भुसा उडवते. बाबांच्या करवतीतून मात्र लांब, सुगंधी कीस बर्फासारखा झरत राही. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या दातांना हा माणूस धार लावतो तरी कशी, या विचाराने मी योशिनोच्या डोंगरउतारावर स्तब्ध उभा राही.

या हिवाळ्यात त्यांचे हातही थरथरू लागले. एखादा दात बोथट राहिला आणि करवत उसळली, तर? शहरातल्या दुकानात धारेचे विजेचे यंत्र आणि साधी कानस यांच्यामध्ये मी दुपारभर घुटमळलो. अखेर कानसच घेतली. थरथरत्या पंजाला पकड मिळावी म्हणून जाड मुठीची.

बाबांनी ती चाचपली आणि परत दिली. "बदलून आण. मूठ बारीक हवी."

"बाबा, हात बघा तुमचे कसे थरथरतात!"

"माझे हात कुठे मध्ये आणतोस?"

"अख्ख्या गावात तुमच्या धारेचं नाव आहे."

"गाव म्हणतं. मी कधी म्हटलं?" ते हसले आणि ओसरीकडे वळले. "फुमिए, दाखव गं याला हात."

मुळा चिरत बसलेल्या आईने लाजत आपला ओला, इवलासा तळवा पुढे केला. तिच्या तर्जनीवरची लोखंडाच्या किसाची काळी रेघ मी जन्मभर न्हाणीच्या बंबाची काजळी समजत आलो होतो.