बाजूच्या सीटचा पट्टा

दिनानाथकाकांच्या शेजारच्या सीटवर कुणीच नव्हतं, तरी पट्टा लावा म्हणून गाडी टुंग-टुंग करत होती. तिथे बसायला मी तयार नव्हतो. मागे चिकूच्या टोपल्यांमध्ये बसलो होतो. चिकूंची तक्रार नव्हती.

गेल्या सोमवारी काकांनी बेटेगावला एका सायकलवाल्याला उडवलं. गाडीचा विमा कधीच संपलेला, म्हणून ते थांबले नाहीत. "जरासाच लागला त्याला," आमच्या माहीम गावात घरी येऊन म्हणाले. टुंग-टुंग तेव्हापासूनची.

गॅरेजवाल्या हर्षितने टुंग-टुंगची वायरच काढून काकांच्या हातात दिली. आता वायर काकांच्या खिशात होती आणि आवाज गाडीत.

"काका, रिकाम्या सीटला लावून टाकू पट्टा?"

"लाव बाबा. डोका उठला."

मी पुढे वाकून पट्टा ओढला, खटकन अडकवला. आवाज थांबला. पण पट्टा सीटला टेकला नाही. वीतभर पुढे हवेतच ताणून राहिला आणि हळूहळू वर-खाली व्हायला लागला.

काका बघतच राहिले. "श्वास हाय रे त्याला! जिवंत हाय!"

त्यांनी बोईसरच्या हॉस्पिटलकडे गाडी पिटाळली. चिकू घरंगळून माझ्या पायात आले. "भाई, हटो, पेशंट है!" काका ट्रकवाल्यांना ओरडत होते. दुसऱ्या खिडकीतून मीही ओरडत होतो.

बेटेगाव आलं. पट्टा एकदा वर आला, सावकाश सीटला टेकला आणि पुन्हा उठला नाही.

काकांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

"पोचलोच बाबा," ते सीटला सांगत होते. "पोचलोच आपण."